कान फुटलाय म्हणजे नेमकं काय झालंय?

आषाढ लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर कानाची माणसं वाढतात. बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर म्हणजे पावसाचा तालुका. जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस जूनमध्ये एकदा भिजला की गणपतीपर्यंत पुरता वाळतच नाही. गेल्या वर्षी असाच एकजण आला. डोक्याला टॉवेल, एक हात कानावर. "अण्णा, कान ठणकायलाय. सोडायला कायतरी द्या." त्याच्या मागे उभी असलेली बाई कन्नडमधून म्हणत होती, किवी सोराकत्तैती, म्हणजे कान वाहतोय. मागणी दोघांची एकच, थेंबांची बाटली.

मी उलट विचारत बसतो. दुखतोय जास्त की खाजतोय? येतंय ते पाण्यासारखं की चिकट? वास येतो का? ऐकायला कमी येतं का? याआधी कितीदा झालंय? शुगर आहे का? माणूस वैतागतो. "एवढं काय विचारायलासा, थेंबच तर पाहिजेत." आणि बोलता बोलता त्या जांबोटीवाल्याने खिशातली मोटरसायकलची किल्ली काढली आणि दुसऱ्या, चांगल्या कानात घालून फिरवली. मी बघतच राहिलो. अर्धं उत्तर तिथंच मिळालं होतं.

'कान फुटलाय', 'कान वाहतोय', 'कान आलाय' ही आजारांची नावं नाहीत, तक्रारीची नावं आहेत. निदान चार वेगवेगळ्या दुखण्यांना आपण हेच शब्द वापरतो. त्यातल्या एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही आणि तिसऱ्याला बाधतं. मोठ्या माणसाचा कान वर्षातून तीन-तीनदा बिघडतो तेव्हा बऱ्याचदा गोष्ट एवढीच असते, की कानात उजेड टाकून पडद्यापर्यंत कुणी बघितलेलंच नसतं. दरवेळी बाटली तेवढी बदललेली असते. हे मी साळसूदपणे सांगत नाही. नवीन दुकान होतं तेव्हा चिठ्ठीशिवाय अशा बाटल्या मीही दिल्यात, आणि तीच माणसं महिन्याभरात परत आलेली बघितलीत. मी डॉक्टर नाही. वीस-बावीस वर्षं चिठ्ठ्या वाचून, आणि ईएनटीवाल्यांना, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना, प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाऊन, जे कळलं ते सांगतो.

आधी कानाचा नकाशा. बाहेरून दिसणाऱ्या भोकातून आत साधारण अडीच सेंटीमीटरची बोळ जाते, आणि बोळ सरळ नाही, नागमोडी आहे. तिच्या तळाला पडदा. हा पडदा एक सेंटीमीटरभर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ. पडद्यापलीकडे हवेने भरलेली छोटी खोली, तिच्यात एकमेकांना टेकलेली तीन इवलीशी हाडं. ती आवाज आतल्या कानाकडे पोचवतात. या खोलीला मागे कानामागच्या हाडातल्या पोकळ्या जोडलेल्या आहेत आणि पुढून एक नळी निघून नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. पडद्याच्या अलीकडचा आजार आणि पलीकडचा आजार, ही पहिली वाटणी. नुसतं दुखणं ऐकून ती करता येत नाही. पण कानाची पाळी हलवली किंवा कानासमोरची कूर्चेची छोटी चिमटी दाबली आणि माणूस कळवळला, तर आजार बहुधा अलीकडचा, म्हणजे बोळीतला.

बोळीची स्वतःची सफाईव्यवस्था असते आणि ती फार सुंदर आहे. तिथली कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत राहते, गिरणीतल्या पट्ट्यासारखी. मेलेली कातडी, धूळ, मळ ती आपसूक बाहेर आणून टाकते. मळ म्हणजे घाण नव्हेच. तो किंचित आंबट असतो, तेलकट असतो, पाणी आत मुरू देत नाही आणि जंतूंना तिथे बस्तान बसवू देत नाही. मळ तयारही होतो तो बोळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच. आपण काडी घालतो तेव्हा थोडा मळ काडीला लागतो, ते बघून समाधान होतं, आणि उरलेला आत पडद्याकडे ढकलला जातो, जिथून तो स्वतःहून यायला मुश्कील. वर आतल्या भागाची कातडी हाडाला चिकटलेली आणि कागदासारखी नाजूक. तिला ओरखडा बसतो. काडी मग आगपेटीची असो, कापसाची असो, केसातली पिन असो, नाहीतर खेड्यात अजून वापरतात ते कोंबडीचं पीस असो. कापसाच्या काड्या मी विकतो, पण कानासाठी मागितल्या की तोंड उघडतोच.

आता यात पाणी घाला, की पहिलं दुखणं सुरू, बोळीतलं. विहिरीत उड्या, खानापूरच्या घाटावर मलप्रभेत डुंबणं, नाहीतर नुसता चार महिन्यांचा दमट पावसाळा. बोळीतली कातडी भिजून फुगते, मळाचा थर निघून जातो, ओरखड्यातून जंतू शिरतात. बहुतेक वेळा ते दोन असतात, स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस. कान ठणकतो, बोळ सुजते, चावताना कळ येते. याला पोटात घ्यायच्या गोळ्या सहसा लागत नाहीत, वेदनेची गोळी सोडून. लागतात ते थेंब, सात ते दहा दिवस, आणि त्याआधी कानाची सफाई. कारण पू आणि कचऱ्याने भरलेल्या बोळीत सोडलेला थेंब कचऱ्यावरच पडतो. बोळ सुजून बंदच झाली असेल तर डॉक्टर तिच्यात एक बारीक वात सरकवून ठेवतात. समईतली वात तेल ओढते तशी ती औषध ओढून आत पोचवते. दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा. नाही पडला तर तेच थेंब पुढे रेटायचे नाहीत, पुन्हा दाखवायचं.

बोळीतच पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते ती बुरशी. इथे ठणका कमी, खाज प्रचंड, कान दडपल्यासारखा. डॉक्टरांच्या बॅटरीत बोळीत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी दिसतं आणि त्यावर काळे ठिपके. ती ॲस्परजिलस. कधी पांढरट दह्यासारखं दिसतं, ती कॅन्डिडा. बुरशीला अँटिबायोटिक थेंब काही करत नाहीत. उलट अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे सोडत राहिलं तर तिच्या वाटेतले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. जांबोटीवाल्याचं हेच झालं होतं. पहिल्यांदा साधा जंतूंचा आजार, मग पाहुण्यांनी दिलेली अर्धी बाटली, मग भावाची उरलेली बाटली, मग आमच्या दुकानात. बुरशीचं औषध, बहुधा क्लोट्रिमाझोलचे थेंब, दोन-तीन आठवडे घ्यावं लागतं, आणि मधे एक-दोनदा डॉक्टरकडे जाऊन सक्शनने, म्हणजे ओढून घेणाऱ्या बारीक नळीने, तो लगदा काढून घ्यावा लागतो. लगदा तसाच ठेवून नुसते थेंब सोडले तर बुरशी परत येते.

बाजारात एक लाडकी बाटली आहे. तिच्यात चार औषधं एकत्र असतात: जंतूंचं, बुरशीचं, सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि बधिर करणारं. कशालाही चालेल म्हणून ती मागितली जाते. बधिर करणाऱ्या औषधाने पहिल्या रात्री झोप लागते आणि माणूस म्हणतो, गुण आला. आजार कुठला होता हे तेव्हाही कळलेलं नसतं. कधी कधी डॉक्टरच ती लिहितात, विचार करून, कानात बघून. मग हरकत नाही.

आणि काहींच्या कानात मुळात जंतूही नसतात नि बुरशीही नसते, असतो तो कातडीचा कोरडा इसब. डोक्यात कोंडा, कानात खाज. केसांचा कलप, शाम्पू, दिवसभर घातलेला इअरफोन, ऐकण्याच्या मशीनचा साचा, यानेही कातडी चिडते. काहींना कानाच्या थेंबातल्या निओमायसिनचीच ॲलर्जी असते. थेंब घालावेत तेवढी खाज वाढते. खाज, खाजवणं, ओरखडा, जंतू, थेंब, पुन्हा खाज, असं चक्र. 'दरवर्षी कान येतो' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं मूळ या खाजेत असतं. ती खाज थांबवणारं औषध दिलं की बाकीचं आपोआप थांबतं.

गरम तेल? लसूण कडकडवून घातलेलं? सासूबाईंचा मान राखून सांगतो, नको. तेल किती तापलंय ते बोटाला कळतं, पडद्याला सहन होत नाही. बुरशी असेल तर तेलाचा ओलावा तिला हवाच असतो. आणि पडद्याला भोक असेल तर ते तेल, तो तुळशीचा रस, ते सगळं आतल्या खोलीत जातं. घट्ट मळासाठी डॉक्टर तेलाचे किंवा सोड्याचे थेंब सांगतात ते वेगळं; ते मळ मऊ करायला, पडदा शाबूत असल्याची खात्री करून.

आता दुसरं दुखणं, पडद्यापलीकडचं. बेळगावची माणसं गोव्याला जातात तेव्हा चोर्ला घाट उतरताना कानात दडे बसतात, हा सगळ्यांचा अनुभव. आपण साधारण साडेसातशे मीटर उंचीवरून तासाभरात समुद्राजवळ येतो. बाहेरच्या हवेचा दाब वाढत जातो, पडद्यामागच्या खोलीत मात्र वरचीच, विरळ हवा अडकलेली. पडदा आत दबतो. मग आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, टक्‌ असा आवाज होतो आणि केरी यायच्या आत ऐकू येऊ लागतं. तो टक्‌ म्हणजे नाकामागे उघडणारी नळी क्षणभर उघडल्याचा आवाज. मोठ्या माणसात ही नळी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास असते. खोलीतली हवा बदलणं आणि तिथला ओलावा नाकाकडे निचरून टाकणं हे तिचं काम.

सर्दीने, ॲलर्जीने, सायनसने नाकामागची कातडी सुजली की ही नळी उघडत नाही. जणू घाट उतरून दिवस झाले तरी दडा सुटलेला नाही. खोलीत पाणी साचतं, त्यात जंतू वाढले की पू होतो, ताप येतो, आतून ठणका लागतो. पडद्यावर ताण येऊन तो फुटला की पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. लोक म्हणतात, बरं झालं, फुटला एकदाचा. असा एकदाच फुटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपण होऊन भरूनही येतो. पण या आजाराला मात्र पोटातून अँटिबायोटिक लागू शकतं, आणि ते ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या तर पुढच्या सर्दीत तोच कान पुन्हा.

म्हणून असा कान सारखा येत असेल तर इलाज नाकाचा करावा लागतो. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत नाहीतर वडगावात मागावर काम करणाऱ्याला धुळीची ॲलर्जी असेल, तर नाकात मारायचा स्प्रे नियमाने वापरल्याने जे होतं ते कानाच्या दहा बाटल्यांनी होत नाही. विडी-सिगारेटचा धूर नळीतली सफाई करणारी बारीक लव लुळी करतो, हेही इथेच सांगायला हवं. नाक दोन्ही बाजूंनी दाबून जोरात शिंकरायचं नाही. एकेक बाजू, हलकेच. आणि एक गोष्ट डॉक्टर लोक आवर्जून सांगतात: मोठ्या माणसाच्या एकाच कानात, सर्दी नसताना, पाणी साचून राहिलं असेल तर नाकाच्या मागे दुर्बीण घालून बघून घ्यायचं. तिथली गाठ नळीचं तोंड दाबत असू शकते. क्वचितच असते, पण बघायचं.

तिसरं दुखणं आमच्या भागात सगळ्यात जुनं. 'माझा कान लहानपणापासूनच तसा.' पडद्याला भोक पडलं, भरलं नाही, आणि आता आंघोळीचं पाणी गेलं किंवा सर्दी झाली की कान वाहतो, मग महिनाभर कोरडा, मग पुन्हा. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालात अशा वाहत्या कानाच्या माणसांचा जगभराचा अंदाज साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी इतका दिला होता, आणि त्यातल्या साधारण 60 टक्क्यांना कमी ऐकू येत होतं. म्हणजे हा काही कुणा एकाच्या घराण्यातला दोष नव्हे.

भोक असलेल्या कानात कुठले थेंब चालतात याला महत्त्व आहे. जेंटामायसिन, निओमायसिन जातीची औषधं भोकातून आत जाऊन आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याच्या नसेच्या मुळालाच, इजा करू शकतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन त्या मानाने सुरक्षित, म्हणून डॉक्टर सहसा तीच लिहितात. पोहून आल्यावर घालायला व्हिनेगर आणि स्पिरिट निम्मं-निम्मं असा एक उपाय सांगितला जातो. शाबूत पडद्याच्या पोहणाऱ्याला तो चालतो, भोक असलेल्याने त्याच्या जवळपासही जायचं नाही. पिचकारीने कान धुऊन घेणंही त्याला वर्ज्य. आणि वाहणं थांबलं म्हणजे भोक बुजलं असं नाही. ते बुजवायचं तर ऑपरेशन, टिम्पॅनोप्लास्टी. कानाच्या वरच्या बाजूचा स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून भोकावर ठिगळासारखा लावतात. चांगल्या हातांनी केलं तर दहातली आठ-नऊ ठिगळं धरतात. त्याआधी ऐकण्याची तपासणी करतात, आणि कान कोरडा राखून ठेवायला सांगतात.

चौथ्या दुखण्याबद्दल आमच्या नात्यातल्या एका मावशींचं सांगतो. यळ्ळूरच्या. त्यांचा कान वाहायचा तो अगदी थोडा, रोज कापसाचा एक बोळा भिजेल एवढाच; पण वास असा, की लग्नकार्यात त्या कोपऱ्यात जाऊन बसत. तीस वर्षं त्यांना वाटत होतं, थोडंच तर येतं. एके दिवशी मान वळवली आणि घर फिरलं. तपासणीत निघाला कोलेस्टिएटोमा. नाव कॅन्सरसारखं वाटतं, कॅन्सर नाही. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी होते, मेलेली कातडी त्यात साठत जाते, पिशवी फुगते आणि शेजारचं हाड खाते. ते हाड म्हणजे ती तीन छोटी हाडं, तोल सांभाळणाऱ्या भागाचं आवरण, चेहऱ्याच्या नसेचा बोगदा, आणि त्या खोलीचं छत, ज्याच्या वर मेंदू असतो. म्हणून भरपूर, बिनवासाच्या, तारेसारख्या चिकट स्रावापेक्षा थोड्या पण घाण वासाच्या स्रावाला डॉक्टर जास्त घाबरतात. यावर थेंब नाहीत, गोळी नाही, मास्टॉइडचं म्हणजे कानामागच्या हाडाचं ऑपरेशन. सर्जननी मावशींना आधीच सांगितलं होतं, पहिलं काम कान निर्धोक आणि कोरडा करणं, ऐकू येणं त्यानंतर. झालंही तसंच. त्या कानाने त्यांना आता कमीच ऐकू येतं. पण मांडवात पुढच्या खुर्चीवर बसतात.

कान वाहत असताना चक्कर, तोंड एका बाजूला वाकडं होणं, कानामागे सूज, असह्य डोकेदुखी, मान ताठ होणं, ताप येऊन गुंगी यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. थेट बेळगावला, सिव्हिलला किंवा जिथे ईएनटी भरती करून घेतात तिथे.

शुगरवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद, कारण आमच्याकडे घराघरात शुगर आहे. साठी ओलांडलेल्या, शुगर असलेल्या माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका दुखत असेल आणि थेंबांनी आठवड्यात फरक नसेल, तर तो बोळीतला आजार कवटीच्या तळाच्या हाडात उतरत असू शकतो. 1968 मध्ये चँडलर या डॉक्टरांनी याला 'मॅलिग्नंट' म्हणजे घातक असं नाव दिलं, कॅन्सर नसतानाही, कारण तेव्हा माणसं दगावत होती. आज कित्येक आठवड्यांच्या अँटिबायोटिकने तो बरा होतो, लवकर सापडला तर. कान पिचकारीने धुतल्यानंतर तो सुरू झाल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा शुगरवाल्याने मळ काढायचा तो डॉक्टरांच्या नजरेखाली, सक्शनने किंवा हत्याराने.

थेंब कसे घालायचे हे सांगायला काउंटरवर वेळ नसतो, म्हणून इथे. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा. गार थेंब पडला तर आतल्या तोलाच्या यंत्राला धक्का बसून गरगरतं, आणि लोक समजतात औषध बाधलं. दुखरा कान वर करून आडवं व्हा. कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नागमोडी बोळ सरळ होते. थेंब सोडा आणि कानासमोरची ती चिमटी चार-पाचदा हलके दाबा. औषध आत उतरतं. तसंच पाच मिनिटं पडून राहा. लगेच उठून कापूस कोंबला तर कापसालाच औषध मिळतं. बाटली उघडल्यावर महिन्याभराने फेकून द्यायची. देवळीत ठेवलेली गेल्या श्रावणातली बाटली म्हणजे औषध नव्हे. आणि कानाचे थेंब डोळ्यात कधीही नाही.

आंघोळीच्या वेळी, ज्यांना भोक आहे किंवा ज्यांचा कान सारखा येतो त्यांनी, कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलिन चोळून तो कानाच्या तोंडाशी लावायचा. नुसता कापूस पाणी अडवत नाही, शोषतो. नंतर बोळा काढून टाकायचा. दिवसभर कानात ठेवला तर आत दमट राहतं. पाणी गेलंच तर डोकं त्या बाजूला कलवायचं, पाळी ओढायची, टॉवेलच्या कोपऱ्याने बाहेरूनच टिपायचं.

जांबोटीवाल्याला मी त्या दिवशी बाटली दिली नाही. तो चिडून गेला, आणि मला वाटलं आता दुसऱ्या दुकानात घेईल. दसऱ्याच्या आसपास परत आला, व्हॅसलिनची सगळ्यात छोटी डबी मागायला. बुरशीच निघाली होती, तीनदा सक्शन करून घ्यावं लागलं म्हणाला. पैसे द्यायला खिशात हात घातला, तर आधी किल्ली बाहेर आली. त्याने माझ्याकडे बघितलं, किल्ली परत खिशात टाकली आणि म्हणाला, "हात अजून जातोय हो अण्णा. सवय."